ढमीचं वजन, पिशवीसकट

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि घरात पहिली चर्चा झाली ती ढमीची. ढमी म्हणजे आईची मांजर, वय वर्षं सहा, स्वभाव खाष्ट. आईजवळ राहायला बहीण येणार होती, पण तिला मांजराच्या केसांनी शिंका येतात. "तूच घेऊन जा बाप्पा तिले मुंबईले," आई म्हणाली. "मी काठी धरू का हिच्या मागं धावू?"

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजणारे नऊ दिवस, तोंडावर आलेला, नागपुरात पारा ४५ ला टेकलेला. रेल्वेत मांजर सोबत ठेवायची तर फर्स्ट एसीचं आख्खं कूपे आपल्या नावावर लागतं. ते काही मिळालं नाही. राहिलं विमान. सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, उडणारी बहुतेक विमानं इंडिगोची, आणि तिथे अपंग प्रवाशाचा मदतनीस कुत्रा सोडला तर प्राण्यांना प्रवेश नाही. एअर इंडिया नेते. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केलं. वजनाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी आणि मधूनमधून बदलणारी, त्यामुळे नेटवर वाचून विश्वास ठेवू नका, फोन करा. आणि फोन आधी, तिकीट नंतर. एका विमानाच्या केबिनमध्ये एक-दोनच प्राणी घेतात, ती जागा भरली की आपलं तिकीट आपल्याच गळ्यात.

माझ्या तिकिटाला मर्यादा होती ७ किलो, पिशवीसकट. हा "पिशवीसकट" शब्द नीट ऐका.

सामानाच्या पोटात पाठवायचा विचार मी केलाच नाही. तिथेही हवेचा दाब केबिनसारखाच असतो, ते ठीक. पण विमानात चढवेपर्यंत पिंजरा धावपट्टीजवळच्या उन्हात थांबला तर मे महिन्यातल्या नागपुरात काय होईल, हे सांगायला नको. चपट्या नाकाचे पग, पर्शियन वगैरे तर कितीतरी कंपन्या तिकडे घेतच नाहीत. त्यांना आधीच श्वास पुरत नाही.

सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात गेलो. रेबीजच्या लसीचं कार्ड पाहिलं, तापमान घेतलं (ढमीने डॉक्टरांना एक बोचकारा दिला, त्यांनी तो सवयीने घेतला), "गाभण नाही ना?" विचारलं. गाभण मांजर विमानात चालत नाही. प्रवासाला योग्य असल्याचा दाखला मिळाला. मी हळूच विचारलं, झोपेची गोळी देऊ का? डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही, उंचीवर श्वास आणि रक्तदाबाचा घोळ होतो. सकाळपासून उपाशी ठेवा, पाणी थोडं द्या, आणि पिशवी आठ दिवस आधीपासून घरात उघडी टाकून ठेवा. हा सल्ला सोन्यासारखा निघाला. चौथ्या दिवशी ढमी आपणहून पिशवीत झोपायला लागली.

वजन केलं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, साखरेच्या काट्यावर. ढमी ५.४, पिशवी १.४. एकूण ६.८. दुकानदाराने "अजून दोनशे ग्रॅम देऊ का?" विचारून घेतलं.

विमानतळावर काट्याने दाखवलं ७.३.

मी म्हटलं, तुमचा काटा चुकतोय. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, पिशवीत अजून काही आहे का?" नाही म्हणालो. ढमीला उचलून हात घातला, टॉवेल काढला, टॉवेलखाली गोधडीचा तुकडा, आणि गोधडीखाली सीलबंद संत्रा बर्फीचा डबा. अर्धा किलो. सुनेसाठी. माझ्या बॅगेत चिरडेल म्हणून आईने सगळ्यात सुरक्षित जागी ठेवला होता. रांगेतल्या लोकांनी पाहिलं, मी कोणाकडे पाहिलं नाही. डबा हातात घेतला, काटा ६.८ वर आला, फॉर्मवर "जबाबदारी माझी" अशी सही केली, वेगळे पैसे भरले. प्राणी मोफत सामानात धरत नाहीत.

सुरक्षा तपासणीत पिशवी एकटी एक्स-रेमधून जाते, मांजर आपल्या कडेवर. पट्टा घातलेला असू द्या, नाहीतर ती पार वर्धा रोडला लागेल. आमच्या बाबतीत चौकटीतून जाताच पीं वाजलं. सीआयएसएफच्या बाईंनी हातातलं यंत्र माझ्यावरून फिरवलं, काही नाही. मग ढमीवरून फिरवलं. गळ्यात आईने बांधलेलं घुंगरू. ते काढून खिशात टाकलं आणि आम्ही दोघं सुटलो.

जागा शेवटच्या रांगेत मिळते, इमर्जन्सी दाराजवळ कधीच नाही. पिशवी समोरच्या सीटखाली, चेन बंद. वरच्या कप्प्यात चुकूनही ठेवायची नाही. पण मागे बसण्यात एक मजा आहे, केबिन क्रूचा ओटा मागेच असतो. तिथली मुलगी निघाली अमरावतीची. खाली वाकून पिशवी पाहिली, ढमीने फिस्स केलं, आणि तिचे किस्से सुरू झाले.

एका काकांनी बेल वाजवून तक्रार केली होती, की कोणी तान्हं बाळ सीटखाली ठेवलंय आणि ते रडतंय. एका बाईंना पॉमेरियनसाठी खिडकी हवी होती, कारण त्याला गाडी लागते. आणि एकदा चढताना पुढे मांजराची पिशवी दिसली म्हणून एक आजोबा वाटेतच थांबले. मांजर आडवी गेली, आता पाच मिनिटं पुढे जाणार नाही. मागे दाराबाहेरपर्यंत रांग. ही म्हणाली, "आजोबा, विमानाच्या वाटेत कोणी आडवं जाऊच शकत नाही. ती सरळ गेली." आजोबांनी विचार केला आणि चालू लागले.

मी तिला अमेरिकेतला किस्सा सांगितला. २०१८ मध्ये नेवार्कला एक बाई मानसिक आधाराचा प्राणी म्हणून मोर घेऊन आल्या होत्या, विमान कंपनीने नेला नाही. ती म्हणाली, आपल्याकडे मोर घेऊन कोणी आलं तर विमान राहू द्या, आधी वनखातं येईल. खरंच आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा पिंजऱ्यातला मिठूसुद्धा बेकायदा आहे. आमच्या शेजारच्या काकूंना हे अजून सांगायचंय.

दीड तासात ढमी दोनदा ओरडली, एकदा उडताना, एकदा उतरताना. मुंबई दिसायला लागली तेव्हा मी डबा उघडला आणि त्या मुलीपुढे धरला. "ड्युटीवर आहे," म्हणत तिने दोन वड्या उचलल्या. "वाऽ, आपल्या नागपूरची! किती छान मऊ राहिलीय."

राहणारच. वरून साडेपाच किलो ऊब होती, पण तेवढं मी तिला सांगितलं नाही.