जो पिकवील, त्यानेच ओतावे

गेल्या महिन्यात व्हिएन्नामध्ये आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चहा नाकारण्यात आला आणि त्याला ऑस्ट्रियावर एके काळी राज्य करणारा सम्राट दुसरा जोसेफ जबाबदार आहे, असे मी म्हटले तर गावाकडच्या मंडळींना ती नेहमीप्रमाणे माझी थट्टा वाटेल. पण प्रकार खरा आहे. ऑगस्ट १७८४ मध्ये या सम्राटाने एक परिपत्रक काढले आणि स्वतः पिकवलेले खाद्यपदार्थ, स्वतःची वाइन आणि फळांचा रस वर्षभर, हवा तेव्हा आणि हव्या त्या भावाने विकण्याची मुभा आपल्या प्रजेला दिली. गोरित्सिया (आजच्या इटली-स्लोव्हेनिया सीमेवरचा प्रदेश) भागातील एक सरंजामदार तिथल्या खानावळींवर स्वतःच्याच वाइनची सक्ती करत होता, त्याविरुद्धच्या तक्रारीतून हा हुकूम निघाला असे सांगितले जाते. ‘स्वतःचे’ ही त्यातली अट मात्र मुभेइतकीच टिकली. आज ऑस्ट्रियात याविषयीचे कायदे प्रांतवार आहेत, व्हिएन्नाचाही वेगळा आहे. पण द्राक्षे पिकवणारा शेतकरी आपल्या अंगणात बाके मांडून आपली वाइन विकतो, त्या जागेला व्यापारी परवान्याच्या कायद्यातून सूट आहे आणि त्या सवलतीच्या बदल्यात तिथे काय मिळावे यावर बंधन आहे, हा सौदा तसाच चालू आहे.

या जागांना इथे बुशेनशांक म्हणतात, बोलताना सरसकट हॉयरिगर. मालक ज्या आठवड्यांत दुकान उघडतो, त्या आठवड्यांत दारावर पाइनची डहाळी टांगतो. डहाळी नसेल तर दार बंद, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा. आम्ही गेलो ते श्टामर्सडॉर्फला, म्हणजे डॅन्यूबच्या पलीकडे, बिसामबेर्ग टेकडीच्या पायथ्याशी, ३१ क्रमांकाच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर. मोठ्या बसमधून पर्यटक जिथे उतरतात आणि जिथे व्हायोलिनवाले टेबलाशी येऊन उभे राहतात, त्या ग्रिन्झिंगला मी पाहुण्यांना नेत नाही. श्टामर्सडॉर्फमध्ये तळघरांची एक लांबच लांब गल्ली आहे, तिच्यात दोन्ही बाजूंना बुटकी पांढरी घरे आहेत आणि घरांच्या मागून थेट द्राक्षबागा सुरू होतात.

माझे आईवडील निफाड तालुक्यातले. नानांची चाळीस वर्षे द्राक्षात गेली. थॉमसन, सोनाका, मग निर्यातीचा माल. ते माळकरी आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे सोडा घातलेला द्राक्षाचा रस आला, आईनेही तोच घेतला. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाची पोळीपेक्षा जाड चकती, तिच्यावर तिखटाची लाली असलेले लिप्टाउअर नावाचे चीज, खारवलेल्या काकड्या, एवढे शाकाहारी जेवण झाले. इथे चीज दहा ग्रॅमच्या मापाने मागायचे असते, त्या मापाला ‘डेका’ म्हणतात, आणि काउंटरवरच्या बाई काट्याकडे न पाहता अचूक तुकडा कापतात, हे आईला फार आवडले. त्यानंतर नानांनी चहा मागितला.

चहा नाही. कॉफी? तीही नाही, आणि बिअरही नाही. मी म्हटले, निदान गरम पाणी द्या, चहाच्या पिशव्या आमच्याकडे आहेत. बाई अत्यंत सौजन्याने म्हणाल्या की तसे करता येणार नाही, कारण ती कॉफीगृहाची कामे आहेत. आता मागच्या खिडकीतून त्यांच्या स्वयंपाकघरातली किटली मला स्पष्ट दिसत होती. जो देश कॉफीवर इतका जीव टाकतो, जिथे एका कपावर तीन तास बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कोणी उठवत नाही, त्या देशाच्या राजधानीत पंच्याहत्तरीच्या शेतकऱ्याला उकळते पाणी मिळू नये, याचा राग मला त्या दिवशी आला होता आणि हे लिहितानाही तो पुरता गेलेला नाही. नियम मला कळतो. शेजारचा खानावळवाला परवाना काढतो, शुल्क भरतो, बाराही महिने दार उघडे ठेवतो. शेतकऱ्याने सूट घेऊन त्याच्याच पोटावर पाय देऊ नये, म्हणून त्याला थंड पदार्थ आणि स्वतःची वाइन एवढ्यावरच थांबवले आहे. ज्या मोठ्या हॉयरिगरमध्ये गरम जेवण मिळते, त्यांनी रीतसर उपाहारगृहाचा परवाना घेतलेला असतो. हे सारे न्याय्य आहे. तरी पाणी ते पाणीच. आपल्याकडे कोणत्याही बागेत पाहुणा गेला की औषधफवारणी थांबवून चहा ठेवला जातो, आणि या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत असे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

नाना मात्र माझ्याइतके रागावले नाहीत, कारण तोवर ते उठून बागेत गेले होते. तिथून त्यांनी मला हाक मारली ती काळजीच्या सुरात. एकाच ओळीत त्यांना तीन तऱ्हेची पाने दिसली होती. एका वेलीवर हिरवे, भरगच्च घड, तिला खेटून असलेल्या वेलीवर लालसर गुलाबी झाक असलेले लहान मण्यांचे घड, पुढे पुन्हा भलतेच काही. ‘रोपवाटिकावाल्याने फसवले याला,’ असा त्यांचा निष्कर्ष होता.

फसवणूक नव्हती, ती या शहराची खासियत आहे. व्हिएन्नाच्या महापालिका हद्दीत सुमारे ६०० हेक्टर द्राक्षबागा आहेत, त्यांतील बहुतेक पांढऱ्या वाइनच्या, आणि इथल्या मानाच्या वाइनचे नाव ‘गेमिश्टर झाट्झ’. एकाच तुकड्यात वेगवेगळ्या जातींचे वेल मिसळून लावायचे, सगळ्यांची तोडणी एकदम करायची, एकत्रच गाळायचे आणि एकत्रच आंबवायचे. वेगवेगळ्या तयार वाइन नंतर मिसळल्या तर तिला हे नाव लावता येत नाही. २०१३ पासून याला कायद्याने संरक्षित दर्जा आहे: किमान तीन पांढऱ्या जाती, कोणतीही एक जात निम्म्याहून अधिक नको, तिसऱ्या क्रमांकाची किमान १० टक्के हवी. ज्या बाटलीवर विशिष्ट बागेचे नाव नसते, ती वाइन कोरडी, म्हणजे जवळपास बिनसाखरेची, असावीच लागते आणि तिच्यात मद्याचे प्रमाण १२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. नानांनी पाहिलेली हिरवी जात ग्र्यूनर वेल्टलिनर होती, गुलाबी झाकेची ट्रामिनर.

कारण सांगितल्यावर त्यांना ते एका क्षणात पटले, कारण बाजरीत तूर घालणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. जाती एकाच दिवशी फुलोऱ्यात येत नाहीत, त्यामुळे ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला किंवा एप्रिलच्या शेवटी दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडले तरी सगळे जात नाही. तोडणीच्या दिवशी काही मणी अतिपक्व असतात ते भरदार चव देतात, काही जरा कच्चे असतात ते आंबटपणा टिकवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, पुनर्लागवड एकेका जातीची झाली, आणि मिश्र वाइनला स्वस्त, गुत्त्यातली म्हणून नाके मुरडली गेली. तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत व्हिएन्नाचे वाइन उत्पादक फ्रिट्झ वीनिंगर यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. दहिवराच्या रात्री इथेही बागांत धूर आणि आग करतात, हे ऐकून नाना हसले. निफाडचा पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवण्यात त्यांचीही निम्मी हयात गेली आहे.

चवीविषयी मलाच लिहावे लागेल. कानाच्या जाड काचेच्या पेल्यात लिटरचा आठवा भाग मिळतो. हिरव्या सफरचंदाचा वास, जिभेच्या कडांना झोंबणारा आंबटपणा, मागाहून मिऱ्याची अगदी पुसट चुणूक, आणि गोडी नावालाही नाही. कोरड्या वाइनमध्ये लिटरमागे साखर साधारण चार ग्रॅमच्या आत असते. आम्लता पुरेशी असेल तर नऊपर्यंत सूट आहे. ज्यांनी जन्मभर खिशात रिफ्रॅक्टोमीटर बाळगून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे अंश, मोजले, गोडी एका अंकाने कमी भरली म्हणून पेटी परत येताना पाहिली, त्यांना घडातली सगळी साखर मुद्दाम यीस्टला खाऊ घालण्याचा हा उद्योग विपरीत वाटला. मापाचे वेड मात्र इकडेही तितकेच आहे: जवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गच्या द्राक्षविद्यालयात आउगुस्ट विल्हेल्म फॉन बाबो यांनी रसातील साखर मोजण्याचे जे उपकरण एकोणिसाव्या शतकात बनवले, त्याच्याच अंशांत ऑस्ट्रियाचे कायदे आजही लिहिले जातात.

कोरडेपणाच्या या अभिमानामागे एक लाजिरवाणी गोष्टही आहे, आणि ती ऑस्ट्रियन माणसे स्वतःहून फारशी सांगत नाहीत. १९८५ मध्ये काही व्यापारी वाइन अधिक गोड आणि दाट वाटावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळत असल्याचे उघडकीस आले. निर्यात कोसळली. त्याच वर्षी अतिशय कडक कायदा झाला, बाटलीच्या टोपणावर लाल-पांढरी-लाल पट्टी आणि तपासणीचा क्रमांक आला, आणि देशाचा कल निखळ, कोरड्या वाइनकडे अधिकच वळला. कीटकनाशकाच्या अंशावरून आपल्या द्राक्षांना युरोपातील लोक नियम शिकवतात, तेव्हा मला हे वर्ष आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढचा धक्का हिशेबाचा होता. दर्जेदार म्हणून वाइन विकायची तर हेक्टरी साधारण ९ ते १० टनांच्या वर उत्पादन घेता येत नाही. नानांनी मनात भागाकार केला: एकरी चार टन. आमच्याकडे एकरी दहा टन निघाले तरी खर्च वसूल होईल की नाही याची चिंता, आणि इथे जास्त पिकवायलाच मनाई! वर छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. आपली एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), यांतील बरेच काही त्यांच्या वेळापत्रकातच नाही. मग परवडते कसे? तर मधला माणूस नाही म्हणून. तोडणारा, गाळणारा, ओतणारा आणि पैसे घेणारा हे एकच घर असते. (तोडणीला मात्र पूर्व युरोपातील मजूर येतात, जसे आपल्याकडे पेठ-सुरगाण्याहून येतात, तेव्हा ‘सगळे घरचेच’ या त्यांच्या बोलण्यात थोडी भर असते.)

इथे मला थोडे स्वतःबद्दल बोलू द्या. बाग सोडून परदेशी गेला, असे मला ऐकवणारे गावात बरेच आहेत. मी गेलो त्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून आमचे दोन हंगामांचे पैसे यायचे होते आणि त्याचा फोन बंद होता, हे ते सांगत नाहीत. द्राक्ष कसे पिकवायचे हे नाशिकच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको; गारपीट, अवकाळी आणि रासायनिक अंशांच्या चाचण्या यांतून त्याने पाठवलेले मणी युरोपच्या दुकानांत मांडलेले मी पाहिले आहेत. त्याला न मिळालेली गोष्ट विक्रीच्या हक्काची आहे. २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, आमच्या तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झाले, नाशिकची शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन आज देशभर जाते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने १,००० चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय घेतला, विरोध झाला, आणि तो अमलात आला नाही. पण त्या निर्णयातही मुभा दुकानाला होती. स्वतःच्या दोन एकरांतली वाइन स्वतःच्या ओट्यावर विकू पाहणारा शेतकरी त्या चर्चेत कुठेच नव्हता.

हे मी परतीच्या वाटेवर मोठ्या तावातावाने मांडले, तेव्हा आईने पहिल्यांदा तोंड उघडले. आमच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान झाले होते, त्यात तिने आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता. तिने विचारले, शेजारच्या टेबलावरचे ते आजोबा चौथा पेला घेऊन बसले होते, त्यांना घरी कोण नेणार? ट्राम नेते, असे मी म्हणालो. विंचूरला कुठली ट्राम आहे, असे ती म्हणाली, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरीही माझे मत बदललेले नाही. वर्षातले ठरावीक आठवडे, फक्त स्वतःच्या बागेची वाइन, आणि ग्रामसभेतील बायकांची संमती, एवढ्या अटींवर एखाद्या गावात हा प्रयोग करून पाहायला हवा. चहा ठेवायलाही परवानगी असावी, ही माझी पुरवणी. नाना म्हणाले, ठराव मांडायचा असेल तर तू स्वतः येऊन मांड, मी माळ घालून तो मांडणार नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आत ते दोघे परत गेले. मी डिसेंबरची तिकिटे पाहतो आहे, पण त्यांनी मला बोलावले आहे ते डिपिंगच्या कामासाठी.