निवृत्ती, स्थलांतर आणि मेडिकेअरच्या जोडीचा विमा

मे २०२५ अखेर मी नोकरीतून निवृत्त झालो आणि जुलैच्या मध्यात आम्ही दोघे न्यू यॉर्क राज्यातील घर विकून मुलीच्या जवळ, नॉर्थ कॅरोलिनात रॅलेच्या बाहेर राहायला आलो. घर विकणे, सामान हलवणे, बँकेचे पत्ते बदलणे ही कामे कष्टाची असली तरी त्यांत चूक झाली तर ती पुढे सुधारता येते. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेत साधारण पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्यविमा, त्याच्या जोडीला पूरक विमा कोणता घ्यायचा, हा निर्णय मात्र तसा नव्हता. तो घेताना आम्ही जवळजवळ चुकणारच होतो, आणि आमच्या वयाची अनेक मराठी कुटुंबे सध्या मुलांच्या जवळ किंवा उबदार राज्यांत जाण्याच्या तयारीत आहेत, म्हणून जे कळले ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

पूरक विमा लागतो कशासाठी, ते आधी थोडक्यात सांगतो. मूळ मेडिकेअरमध्ये पार्ट ए रुग्णालयाचा आणि पार्ट बी डॉक्टर, तपासण्या व रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च देतो. पार्ट बीमध्ये वर्षाचे डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीला आपण स्वतः भरायची रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर), भरून झाल्यावर मेडिकेअर साधारण ८० टक्के देते आणि उरलेले २० टक्के आपल्यावर येतात. या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही, ही गोष्ट नोकरीतील विम्याची सवय झालेल्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर पार्ट एचे डिडक्टिबल (२०२५ मध्ये १,६७६ डॉलर) भरावे लागते, आणि ते वर्षातून एकदाच नसून उपचारांच्या प्रत्येक नव्या कालखंडाला पुन्हा लागू होऊ शकते. ही भोके बुजवण्यासाठी खासगी कंपन्या जो विमा विकतात त्याला मेडिगॅप म्हणतात. दुसरा मार्ग मेडिकेअर अॅडव्हान्टेजचा. त्यात आपले मेडिकेअर एका खासगी कंपनीमार्फत चालते, हप्ता कमी किंवा शून्य असतो, वर्षाच्या खर्चाला मर्यादा असते, पण बहुधा डॉक्टरांचे ठरावीक नेटवर्क असते आणि अनेक उपचारांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते.

एप्रिलमध्ये एका विमा एजंटाचा फोन आला. बोलणे आर्जवी होते, माहितीही बरीच होती. त्यांनी शून्य हप्त्याची अॅडव्हान्टेज योजना सुचवली आणि माझी शंका ओळखून लगेच म्हणाले, "आवडली नाही तर पुढे मेडिगॅप घ्या. तुमच्या राज्यात तो कधीही मिळतो." ते वाक्य खोटे नव्हते. न्यू यॉर्क आणि कनेक्टिकट या राज्यांत मेडिगॅप वर्षभर केव्हाही, प्रकृतीविषयी काहीही न विचारता, द्यावाच लागतो. मॅसॅच्युसेट्स आणि मेन येथेही त्या धर्तीचे संरक्षण आहे. पण आम्ही तीन महिन्यांत ते राज्य सोडणार आहोत, हे त्यांना सांगूनही त्यांनी त्या वाक्याला पुढची ओळ जोडली नाही. ती ओळ अशी की बहुतेक राज्यांत हा हक्क आयुष्यात एकदाच, सहा महिन्यांसाठी मिळतो. ज्या महिन्यात तुम्ही ६५ किंवा त्याहून अधिक वयाचे असता आणि तुमचा पार्ट बी सुरू झालेला असतो, त्या महिन्यापासून हे सहा महिने मोजले जातात. या मुदतीत कंपनी तुम्हाला नाकारू शकत नाही आणि आजारपणामुळे जास्त हप्ताही लावू शकत नाही. मुदत संपली की काही ठरावीक प्रसंग वगळता कंपनीला प्रकृतीची चौकशी करून अर्ज फेटाळण्याचा अधिकार असतो. नॉर्थ कॅरोलिना अशाच राज्यांपैकी आहे.

हे मला एजंटाकडून कळले नाही. प्रत्येक राज्यात मेडिकेअरसंबंधी मोफत सल्ला देणारा शिप नावाचा सरकारी उपक्रम असतो. न्यू यॉर्कमध्ये त्याला हायकॅप म्हणतात, नॉर्थ कॅरोलिनात तो राज्याच्या विमा खात्याच्या अखत्यारीत आहे. तेथील सल्लागार काही विकत नाहीत. मी दोन्ही राज्यांत फोन केले, आणि माझे कळकळीचे सांगणे आहे की स्थलांतर करणाऱ्याने ज्या राज्यात जायचे तेथील सल्लागाराशी, सामान बांधायला घेण्यापूर्वीच, बोलून घ्यावे. नॉर्थ कॅरोलिनातील सल्लागार बाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो हप्त्याचा नव्हता. "तुमचा पार्ट बी कोणत्या तारखेला सुरू होतो आणि तुम्ही इथे राहायला कधी येता?" एवढेच त्यांनी विचारले, आणि त्या दोन तारखा कागदावर शेजारी शेजारी लिहिल्यावर सगळे चित्र स्पष्ट झाले.

आमचा पार्ट बी १ जूनला सुरू होत होता. मी ६७ वर्षांचा, पत्नी ६५ पूर्ण झालेली; मी नोकरीत असेपर्यंत कंपनीच्या विम्यात दोघेही होतो, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीचा विमा असल्यामुळे पार्ट बी लांबवला तरी दंड लागला नाही. येथे एक इशारा द्यायला हवा. आमच्या एचआर विभागाने कोब्राखाली, म्हणजे नोकरी सुटल्यावरही तिच्यातील विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, जुना विमा अठरा महिने चालू ठेवण्याचा पर्याय पुढे केला होता आणि मेडिकेअरचे पुढे बघता येईल असे सुचवले होते. तसे केले असते तर पंचाईत झाली असती, कारण पार्ट बी घेण्याची आठ महिन्यांची विशेष मुदत नोकरी किंवा नोकरीतील विमा यांपैकी जे आधी संपेल त्यापासून मोजली जाते, आणि कोब्रा हा नोकरीतील विमा धरला जात नाही. मुदत चुकली तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे पार्ट बीच्या हप्त्यावर १० टक्के दंड लागतो, आणि तो सहसा जन्मभर भरावा लागतो.

तर आमची सहा महिन्यांची मुदत १ जून ते ३० नोव्हेंबर अशी होती आणि स्थलांतर ती चालू असतानाच येत होते. ही मुदत तुमच्याबरोबर येते. ज्या राज्यात तुम्ही राहता त्या राज्यात विकली जाणारी पॉलिसी तीत घेता येते. म्हणून आम्ही जूनपासून न्यू यॉर्कमध्ये मेडिगॅप घेतला आणि नॉर्थ कॅरोलिनात आल्यावर ऑगस्टमध्ये दुसरा अर्ज करून सप्टेंबरपासून तेथील पॉलिसी सुरू केली. मधले काही आठवडे नुसत्या मेडिकेअरवर काढावेत, असा विचार मनात आला होता; पत्नीने तो ठामपणे मोडून काढला आणि ती बरोबर होती. नवी पॉलिसी मंजूर झाल्याचे पत्र हातात पडेपर्यंत जुनी बंद करायची नाही, हे पथ्यही आम्ही पाळले.

न्यू यॉर्कची पॉलिसीच पुढे का चालवली नाही, असे कोणी विचारेल. मेडिगॅप पॉलिसी हप्ता भरत राहाल तोपर्यंत कंपनी सहसा बंद करू शकत नाही, आणि मूळ मेडिकेअर देशभर चालत असल्यामुळे राज्य बदलले तरी ती सामान्यतः चालू राहते. आमच्या कंपनीनेही तसे सांगितले. येथे हप्ता कसा ठरतो ते समजून घ्यावे लागते. काही पॉलिसींत एका भागातील सर्वांना वय न पाहता सारखाच हप्ता असतो. न्यू यॉर्कमध्ये हीच पद्धत सक्तीची आहे, त्यामुळे ६५ व्या वर्षी तो महाग वाटतो. दुसऱ्या पद्धतीत पॉलिसी घेताना जे वय असेल त्यावर हप्ता ठरतो आणि पुढे वयामुळे वाढत नाही. तिसऱ्या पद्धतीत तो वाढत्या वयाबरोबर वाढत जातो. सुरुवातीला सर्वांत स्वस्त दिसतो आणि ऐंशीच्या घरात गेल्यावर जड होतो. वैद्यकीय खर्चाच्या महागाईमुळे होणारी वाढ तिन्ही पद्धतींत याशिवाय असतेच. नॉर्थ कॅरोलिनात आम्हाला मिळालेले बहुतेक दर तिसऱ्या पद्धतीचे होते आणि आमच्या न्यू यॉर्कच्या हप्त्याच्या निम्म्याहून कमी होते. आम्ही तो घेतला, पण आजचा आकडा पाहून नाही. गेल्या काही वर्षांत त्या कंपनीने हप्ता किती वेळा आणि किती वाढवला हे विचारून, आणि दरवर्षी वाचणाऱ्या रकमेतील एक भाग उतारवयातील हप्त्यांसाठी बाजूला ठेवायचे ठरवून घेतला.

योजना निवडणे त्या मानाने सोपे गेले. मेडिगॅपच्या योजनांना ए, बी, डी, जी, एन अशी अक्षरे आहेत आणि एका अक्षराचे मूलभूत लाभ कोणत्याही कंपनीत सारखेच असतात, त्यामुळे तुलना फक्त हप्त्याची आणि कंपनीच्या वागणुकीची उरते. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन येथे मात्र ही अक्षरपद्धती नाही, तेव्हा तेथे जाणाऱ्यांनी नव्याने अभ्यास करावा. जुन्या मित्रांकडून ऐकलेला प्लॅन एफ १ जानेवारी २०२० रोजी किंवा त्यानंतर मेडिकेअरला पात्र झालेल्यांना मिळत नाही. आम्ही जी आणि एन यांत तुलना केली. जीमध्ये पार्ट बीचे डिडक्टिबल सोडून जवळजवळ सगळे भरून निघते. एनचा हप्ता कमी, पण डॉक्टरांच्या काही भेटींना २० डॉलरपर्यंत आणि दाखल न होता तातडीच्या विभागातून परतल्यास ५० डॉलरपर्यंत स्वतः द्यावे लागतात, शिवाय मेडिकेअरचा दर पूर्णपणे न स्वीकारणारे डॉक्टर १५ टक्क्यांपर्यंत जादा आकारणी करू शकतात आणि ती एनमध्ये भरून मिळत नाही. नव्या गावात डॉक्टर अजून ठरायचे असताना तो हिशेब डोक्यात ठेवणे आम्हाला नको होते, म्हणून जी घेतली. ज्यांची प्रकृती चांगली आहे आणि डॉक्टर ठरलेले आहेत त्यांना एन पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

त्या ऑगस्टमधील अर्जाचे एक पान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नव्या घरात अजून टेबल लागले नव्हते, दोन खोक्यांवर फळी टाकून आम्ही कागद पसरले होते. अर्जाच्या मधल्या भागात प्रकृतीचे प्रश्न होते: गेल्या दोन वर्षांत हृदयात स्टेंट बसवला आहे का, इन्शुलिन घेता का, डॉक्टरांनी सुचवलेली पण अजून न केलेली एखादी शस्त्रक्रिया आहे का. मला २०२४ मध्ये स्टेंट बसला आहे. पत्नीला गुडघा बदलण्याचा सल्ला मिळालेला आहे. त्या पानाच्या वरच्या कडेला लहान अक्षरांत लिहिले होते की अर्जदार सहा महिन्यांच्या खुल्या मुदतीत असेल तर हा भाग भरू नये. आम्ही तो कोरा सोडला आणि पुढच्या पानावर सह्या केल्या. एजंटाचे ऐकून आम्ही अॅडव्हान्टेजमध्ये गेलो असतो आणि काही वर्षांनी या राज्यात मेडिगॅपसाठी अर्ज केला असता, तर त्या प्रश्नांची खरी उत्तरे लिहून आम्हाला नकाराची वाट पाहावी लागली असती.

अॅडव्हान्टेजमध्ये आधीच असलेल्यांनी मात्र घाबरून जाऊ नये. योजनेच्या सेवाक्षेत्राबाहेर राहायला गेल्यामुळे ती योजना सुटत असेल, तर मूळ मेडिकेअरमध्ये परत येऊन नव्या राज्यातील काही ठरावीक मेडिगॅप योजना प्रकृतीची चौकशी न होता घेण्याचा हक्क मिळतो, आणि त्यांत नव्याने पात्र झालेल्यांसाठीही प्लॅन जी आहे. अर्ज मात्र जुने संरक्षण संपल्यापासून ६३ दिवसांच्या आत करावा लागतो. म्हणजे त्यांच्यासाठी स्थलांतर हीच संधी असते, आणि ती कित्येकांना माहीत नसल्यामुळे वाया जाते. ज्यांच्याकडे आधीपासून मेडिगॅप आहे त्यांना केवळ राज्य बदलल्यामुळे असा नवा हक्क मिळत नाही. कॅलिफोर्निया, ओरेगन यांसारख्या काही राज्यांत वाढदिवसाच्या सुमारास पॉलिसी बदलण्याची सोय आहे, तीही चौकशी करण्यासारखी आहे.

आपल्यापैकी जे हिवाळा भारतात काढतात त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मूळ मेडिकेअर देशाबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. जी आणि एन या दोन्हींमध्ये परदेशातील तातडीच्या उपचारांसाठी २५० डॉलरच्या वार्षिक डिडक्टिबलनंतर ८० टक्के रक्कम मिळते, पण ती जन्मभरात ५०,००० डॉलरपर्यंतच, आणि आजार प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेला असला तरच. आम्ही पुण्यात साडेतीन महिने राहतो, त्यामुळे दोन महिन्यांनंतरच्या काळासाठी वेगळा प्रवासविमा घेतो.

औषधांचा पार्ट डी स्वतंत्र घ्यावा लागतो, तो विभागवार असल्यामुळे राज्य बदलले की तोही सहसा बदलावा लागतो, आणि दात व चष्मा यांचा खर्च मेडिगॅपमध्ये येत नाही.

ऑक्टोबरमध्ये पत्नीची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. हल्ली पुष्कळांना त्याच दिवशी घरी सोडतात, तेव्हा तो खर्च पार्ट बीखाली येतो आणि त्याचे २० टक्के आपल्यावर पडतात. शस्त्रक्रियेच्या केंद्रात तिने दोन कार्डे पुढे केली, मेडिकेअरचे आणि सप्टेंबरमध्ये आलेले मेडिगॅपचे. काउंटरवरील मुलीने दोन्हींच्या प्रती काढल्या आणि परत दिल्या. वर्षाचे २५७ डॉलर उन्हाळ्यातच भरून झाले होते. नोव्हेंबरमध्ये हिशेबाचा कागद आला, तेव्हा त्यावर आमच्या वाट्याच्या रकमेच्या ठिकाणी शून्य होते.