काळ्या ग्लॉसी टीव्ही युनिटवरचे बोटांचे डाग

पाहुणे गेले, आज सगळा वेळ काळ्या ॲक्रिलिकच्या शटरवर. बोटांचा डाग म्हणजे तेल. नुसत्या पाण्याने तो फक्त पसरतो. आधी धूळ अलगद झटकायची, नाहीतर तीच घासली जाऊन ओरखडे पडतात. मग लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, बस्स! जास्त झालं की पांढुरका थर राहतो. मायक्रोफायबर घट्ट पिळून पुसा, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा आणि लगेच कोरडं करा. हँडलजवळ दोनदा.

थेट स्प्रे नको, पाणी कडेच्या पट्टीतून शिरून आतला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) फुगतो. अमोनियावाला काचेचा क्लीनर तर ॲक्रिलिकवर नकोच. आणि फडकं फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुतलेलं असेल, तर पुसाल तितके फराटे उठतील. शेवटी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा, राहिलेले डाग दिसतात.