पत्र्याच्या डब्यातले तोळे

नागझिऱ्यात दोन सफारी झाल्या. रानकुत्रे दिसले, गवे दिसले, वाघ नाही. त्याबद्दल एवढंच. लिहायला बसलोय ते साकोलीजवळच्या एका गावातल्या संध्याकाळीबद्दल.

मित्राच्या आजोबांना सगळं गाव आबाजी म्हणतं. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलीय. पोरवयात ते मालगुजारांच्या, म्हणजे इथल्या जमीनदारांच्या, शिकारीत हाका घालायला, म्हणजे ओरडून जनावरं शिकाऱ्याकडे हाकायला, जात, पुढे पाहुण्यांच्या रायफली वाहू लागले. 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली. वाड्यातल्या बंदुकाही गेल्या. आबाजींकडे उरला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात रिकाम्या काडतुसांची टरफलं.

ओसरीवर लाखोरीची डाळ-कडधान्यं वाळत घातली होती. आबाजींनी टरफलं उंचीनं ओळीत मांडली. पितळ हिरवं पडलेलं. लाखोरीचा एक दाणा त्यांनी .22 च्या (हे आकडे नळीच्या इंचातल्या मापाचे) तोंडावर ठेवला, तो तिथंच अडकला. दुसरा .375 मध्ये सोडला, तो खुळखुळत तळाला गेला.

"हे सशाचं. हे गव्याचं. मधात सारं जंगल हाये, बेटा."

ग्रेन, म्हणजे गोळीच्या वजनाचं माप, वगैरे मी वाचलेलं होतं, पण कधी हाताला जाणवलं नव्हतं. आबाजी तोळ्यात बोलत होते. तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन, आणि थर्टी-ओ-सिक्स रायफलची एक नेहमीची गोळी नेमकी तेवढीच. एक तोळा शिसं, सांबराला पुरेसं. इशापूरच्या कारखान्यातल्या .315 रायफलची 244 ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याच्या वर. ती रोह्याला, म्हणजे नीलगायीला, आणि डुकराला. लष्कराची .303 खासगी माणसाला मिळत नसे, म्हणून गावोगाव हीच. .375 ची 300 ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांच्या आसपास. आणि गव्याला मऊ टोकाची चालत नाही, ती कातड्याखालीच फुलते. हाड फोडून आत जायला अखंड गोळी लागते. बारा बोअर म्हणजे पौंडभर शिशाचे बारा गोळे होतील एवढी नळी. बारीक छर्रा तितराला, मोठा हाक्यातल्या डुकराला, तोही तीस-चाळीस पावलांवरून.

इथं आबाजी थांबले. मग सांगितलं ते नागपूरच्या एका पाहुण्याचं. त्यानं बारा बोअरच्या छऱ्यानं लांबच्या सांबरावर बार टाकला. "मी म्हटलं, सायेब, नोका मारू. मले कोण इचारते?" सांबर पळालं. पाहुणा जेवून झोपला. पंधरा-सोळा वर्षांचे आबाजी रक्ताच्या मागावर निघाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना ते मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्याच्या, काठी सापडलं. जिवंत. पोटात किडे पडलेले, पाण्याकडे तोंड.

हे सांगताना ते दाणे पुन्हा पुन्हा टरफलातून काढत होते, घालत होते. मी बंदुकींच्या गप्पा ऐकायला हौसेनं बसलो होतो, त्याची मला मनापासून लाज वाटली. माप चुकलं की मोल जनावर मोजतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता धानात डुकरं शिरतात. एका रात्रीत बांधीच्या बांधी, म्हणजे धानाची खाचरं, लोळवतात. हातातोंडाशी आलेलं पीक गेलेल्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. पण काही ठिकाणी लोक विजेची जिवंत तार टाकतात, त्यात वाघ मरतो, बैल मरतो, माणूसही मरतो. पर्यटकांना वाघ दाखवण्यावर आपण एवढा पैसा खर्चतो, मग या बांध्यांना धड कुंपण का नाही, याचा मला राग येतो. आबाजी म्हणाले, "तारेले का समजते, डुक्कर का वाघ?"

रात्री लाखोरीचं वरण आणि भात झाला. आम्ही अंगणात झोपलो. दोनच्या सुमारास शेतातल्या जागलीवरून पोरांचा आरडाओरडा आणि डबे बडवल्याचा आवाज आला. आबाजी खाटेवर उठून बसले, कान देऊन ऐकलं.

"रोही हाये," म्हणाले. "डुक्कर नाही." आणि पाय खाली सोडून, अंधाराकडे बघत, आवाज थांबेपर्यंत तसेच बसून राहिले.