व्यायामाची वही: मटकी, अंडी आणि व्हेचा डबा

सध्याची उचल आधी लिहितो. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) ७५ किलो, पाच-पाच वेळा उचलायचे तीन सेट. बेंच प्रेस (आडवं पडून छातीवरून वजन वर ढकलणं) ५२.५. डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) ९०. ओव्हरहेड प्रेस (उभं राहून वजन डोक्यावर ढकलणं) ३५ वर अडकलाय. माझं वजन ६१ वरून ६४ वर आलं आणि कंबर होती तेवढीच आहे, म्हणून हे वजन कामाचं समजतोय.

नव्याने वजनं उचलायला लागलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. माझा स्क्वॉट सगळ्यात वेगाने वाढला तो सुरुवातीच्या आठवड्यांत, आणि तेव्हा जेवणात मी काहीही बदललं नव्हतं. त्या काळातली ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्था शिकल्यामुळे येते. आहे त्याच स्नायूचे जास्त तंतू एकदम कामाला लागतात. नेमका त्याच वेळी जिममध्ये कुणीतरी व्हेचा, म्हणजे दुधातल्या प्रोटीनच्या पावडरचा, डबा घ्यायला लावतो, उचल वाढतच असते आणि श्रेय पावडरला जातं. स्नायू प्रत्यक्ष भरायला वेळ लागतो. रोजच्या प्रोटीनचा खरा उपयोग तिथे होतो.

मग किती लागतं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) हिशेबाने साध्या प्रौढ माणसाला रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मला ५३. वजनं उचलणाऱ्यांसाठी १.६ ग्रॅमचा आकडा धरतात. २०१८ साली बऱ्याच प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा त्याच्या आसपास फायदा थांबतो असं दिसलं. त्या हिशेबाने मला शंभर. खाणं न बदलता आठवडाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मोजलं: पोहे, दिवसभरातल्या सहा चपात्या, भात, दोन वाट्या आमटी, एक वाटी उसळ, चहातलं दूध. बेरीज पंचावन्नच्या आसपास. म्हणजे घरचं ताट साध्या माणसाला बरोबर पुरतं, आणि माझा प्रश्न फक्त वरच्या पंचेचाळीस ग्रॅमचा होता. हा आकडा हातात आल्याशिवाय डबा घ्यायचा की नाही हे ठरवताच येत नाही.

मोजताना सगळ्यात जास्त शिकवलं ते मटकीने. पोषणाच्या तक्त्यात शंभर ग्रॅम मटकीत २३ ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं असतं, पण ते कोरड्या मटकीचं. भिजून, मोड येऊन, शिजून ती पाण्याने फुगते. काट्यावर वाटी ठेवली तर उसळ भरते दीडशे ग्रॅम आणि त्यात कोरडी मटकी असते जेमतेम चाळीस ग्रॅम. म्हणजे वाटीला नऊ ग्रॅम. आमटीचं त्याहून वाईट, कारण आमच्या घरी ती पातळ लागते. आणि आपण कोल्हापूरकर ज्याच्या जिवावर ताकद आली म्हणतो, त्या तांबड्या-पांढऱ्या रश्शात प्रोटीन फार नसतं, ते मटणाच्या फोडीत असतं. रस्सा चार वाट्या प्या, पण मोजताना फोडी मोजा.

बदल केले ते असे. सकाळी पोहे निम्मे आणि सोबत तीन अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम धरतो. दुपारी डब्यात उसळ दुप्पट. रात्री मोठी वाटी दही. संध्याकाळी मूठभर फुटाणे. गुरुवारी आणि संकष्टीला अंडी चालत नाहीत, त्या दिवशी पन्नास ग्रॅम सोया वडी. तिच्यात निम्म्याहून थोडं जास्त वजन प्रोटीनचंच असतं. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळली की तिचा वास जातो, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात ती छान लागते. कडधान्य एकदम वाढवू नका, पोट फुगतं. मी दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं. एवढ्यावर नव्वद-पंचाण्णव सहज होतात.

शेंगदाण्याबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. पंचवीस ग्रॅम प्रोटीनसाठी शंभर ग्रॅम शेंगदाणे लागतात आणि त्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात. वजन वाढवायचं असेल त्याने जरूर खावेत, पण त्यांना प्रोटीनचा मुख्य स्रोत समजू नये. म्हशीच्या दुधाचंही तसंच. कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारा पैलवान दिवसभरात जोर-बैठका आणि लढतीत ते जिरवतो. तासभर जिम करून खुर्चीवर बसणाऱ्याला तेवढं फॅट झेपत नाही.

तरीही माझ्याकडे व्हेचा डबा आहे, आणि तो का आहे ते सांगतो. शिरोली एमआयडीसीत माझी पाळी बदलत असते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी जिम, तिथून थेट कंपनी. मधल्या वेळात उसळ खायला जागाही नसते आणि भूकही. तिथे पाण्यात हलवलेला पावडरचा एक स्कूप (डब्यातला मोठा चमचा), चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन, सव्वाशेच्या आसपास कॅलरी, विषय संपला. पहिल्या पाळीत डबा बंदच असतो. आईने तो फडताळात बघून विचारलं, "औषध हाय का रं ते?" तिला सांगितलं, दुधातलंच आहे, चीज करताना उरलेल्या पाण्यातलं. तर तिने पुढच्या वेळी पनीरचं पाणी माझ्यासाठी राखून ठेवलं. त्यात मात्र प्रोटीन फारसं उरत नाही, कारण पनीरसाठी दूध उकळतं आणि त्या उष्णतेने व्हे प्रोटीनचा बराचसा भाग पनीरलाच चिकटून जातो. ते पाणी आता कणीक मळायला जातं.

पैशांचं गणित आमच्याकडच्या भावाने: सोया वडीत एक ग्रॅम प्रोटीन पन्नास पैशांच्या आसपास पडतं, अंड्यात रुपयाच्या थोडं वर, व्हेत तीन रुपयांहून जास्त. डबा घेणारच असाल तर चौदा आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्न सुरक्षा संस्था) परवाना क्रमांक बघा आणि घटकांची यादी वाचा. प्रोटीन मोजताना बहुतेक वेळा नायट्रोजन मोजतात, म्हणून ग्लायसीन किंवा टॉरीनसारखी नायट्रोजन असलेली स्वस्त अमिनो आम्लं घालून आकडा फुगवता येतो. ती नावं वेगळी घातलेली दिसली तर तो डबा ठेवून द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्याने प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

पुढच्या टप्प्यासाठी ओव्हरहेड प्रेसला अडीच किलोऐवजी सव्वा किलोच्या उडीने वाढवतोय, त्यासाठी छोट्या प्लेट्स मागवल्यात. जेवणात रविवारच्या मटणाशिवाय आठवड्यातून दोनदा सुकट आणायची ठरवली आहे. तिचं मीठ धुऊन काढल्यावर किती वजन उरतं ते काट्यावर बघून इथेच लिहीन.