तुम्ही विचारलंत म्हणून: एकत्र गायचं तर त्यात स्पर्धा कशाला?

दरवर्षी युवक महोत्सवाची तयारी सुरू झाली की कुणाचे तरी आईबाबा हमखास विचारतात, "मॅडम, एकत्र गायचं तर त्यात पुन्हा नंबर कशाला?" परवा एका जुन्या विद्यार्थ्यानेही हेच विचारलं, त्याला फोनवर समजावताना अर्धा तास गेला, म्हणून आता लिहूनच टाकते.

मी कॉलेजच्या मुलांचं समूहगान बसवते. विद्यापीठांच्या युवक महोत्सवाचे नियम साधे आहेत. गाणारे जास्तीत जास्त 6, साथीला 3, वेळ 10 मिनिटं, एक देशभक्तीपर गीत आणि एक लोकगीत, सिनेमातलं गाणं चालत नाही. मार्क गाण्याला, फेटे-नऊवारीला नाहीत. आता 6 जणांत लपायला जागाच नसते हो. तीस जणांच्या वृंदात एखाद्याचा सूर थोडा उतरला तरी खपून जातं, इथे लगेच कळतं. त्यात मुलं-मुली एकत्र, म्हणजे पट्टीचं, 'सा' किती उंच धरायचा याचं, भांडण आलंच, पेटीवरची काळी तीन ही उंच पट्टी घेतली की मुलं वरच्या सुरांना ओरडायला लागतात आणि खालची काळी एक घेतली की मुलींचे खालचे सूर ऐकूच येत नाहीत. मग कुठली ओळ कुणी गायची, कुठे फक्त मागून सूर देत झील धरायची, हे सगळं बसून ठरवावं लागतं. साथीला तिघंच म्हटल्यावर हार्मोनियम आणि संबळ घेऊन तिसरा तुणतुण्याचा की टाळाचा यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चाललेला आहे, आणि तो वाद मला फार आवडतो, कारण त्या वादात मुलं गाणं आतून बघायला लागतात.

पण माझं खरं उत्तर लीड करणाऱ्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल आहे. समोर उभं राहून हात हलवणारा कंडक्टर आमच्याकडे नसतो, सहातलाच एक जण सगळ्यांना धरून ठेवतो. काही वर्षांपूर्वी एसवायबीकॉमची एक मुलगी लीड करत होती, आवाज ठीकठाक, कान मात्र जबरदस्त. आम्ही लोकगीत म्हणून देवीचा गोंधळ बसवत होतो आणि सुरुवातीचं 'उदे' काही केल्या एकत्र पडेना, कुणाचा 'उ' आधी, कुणाचा मागून. दोन दिवस ती हाताने खुणा करत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना गोल उभं केलं, तोंडं बाहेर, पाठी आत, म्हणजे कुणाला कुणी दिसायलाच नको, आणि म्हणाली, "माझा श्वास ऐका आणि त्यावर या." चार-पाच वेळा फसलं, मग एकदा सहा गळ्यांतून एकच 'उदे' आलं आणि पेटीवाल्याने पेटी थांबवून वर बघितलं. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. महिन्यावर तारीख आली होती म्हणून तिला ते सुचलं, असं माझं ठाम मत आहे.

त्या वर्षी आमचा नंबर आला नाही. स्टेजवर संबळ चढला आणि लय पळाली, शेवटचा अंतरा तर अक्षरशः धावला. दुसऱ्या दिवशी ती मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकून वहीत लिहून घेऊन आली, कितव्या सेकंदाला लय सुटली, कुणी श्वास चुकवला, आणि पहिलं नाव स्वतःचं. गॅदरिंगमध्ये हेच गाणं गायलो असतो तर टाळ्या मिळाल्याच असत्या, समोर सगळी आपलीच माणसं, मग वही कुणी उघडली असती?

आणि दुसऱ्यांचं ऐकणं! आमची पोरं विंगेत उभी राहून जळगाव-धुळ्याकडच्या टीमचं अहिराणी गाणं ऐकत होती, शब्द अर्धेच कळत होते पण ते उच्चार, तो ठेका... परतीच्या बसमध्ये तेच गुणगुणणं चालू होतं. 1955 मध्ये वेल्समधल्या लँगॉलेनच्या स्पर्धेत इटलीतल्या मोदेना गावचा एक वृंद पहिला आला, त्यात वडिलांच्या शेजारी उभं राहून गाणारा 19 वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑपेरा गायक लुचानो पावारोत्ती. आपण गायकच व्हायचं या निश्चयाचं श्रेय तो पुढे त्या दिवसाला द्यायचा. त्या वयात हे असं लागून जातं.

आता जे मला खुपतं तेही सांगते. काही ठिकाणी पंधरा दिवस आधी बाहेरून कुणाला तरी आणतात, तो सगळं तयार करून देतो, मुलं नुसती पाठ करतात. बक्षीस मिळतंही, पण लीड करणाऱ्या मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो, मग त्याच्या हाती काय लागलं? निकालाचंही तसंच, पहिला, दुसरा, तिसरा जाहीर करून सगळे मोकळे, परीक्षकांनी प्रत्येक टीमला दोन ओळी लिहून दिल्या तर मुलं ते कागद जपून ठेवतील. 2000 साली ऑस्ट्रियातल्या लिंझला सुरू झालेल्या वृंदगायनाच्या जागतिक स्पर्धेत ठराविक गुणांच्या वर गेलात की सुवर्ण डिप्लोमा मिळतो, एकाच गटात तो अनेकांना मिळू शकतो. आपल्याकडे अशी सोय झाली तर मला मनापासून आनंद होईल.

ती मुलगी आता नोकरी सांभाळून सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ बसवते. मागच्या महिन्यात फोन आला होता, "मॅडम, बारा जणी आहेत, सगळ्यांना पाठमोरं उभं केलं, आधी खूप हसल्या," आणि मग तिने फोन तसाच धरून मला त्यांचा अभंग ऐकवला.