झेड ब्रिजवरचा बाबा

लेक अडीच वर्षांचा झाला आणि घरात माझा भाव उतरला. आधी कडेवरून खाली यायचा नाही. आता रविवारी सकाळी बाबाच्या चपला उचलून दारात नेऊन ठेवतो. जायचं कुठे, तर माटुंग्याच्या झेड ब्रिजवर. एकीकडे पश्चिम रेल्वे, दुसरीकडे मध्य. फुकटात दोन्ही लाइनी.

नवरा त्याला खांद्यावर बसवतो आणि अगदी गंभीरपणे शिकवतो: ही फास्ट, ही स्लो, ही दारं बंद असलेली एसी. पहिली एसी लोकल २०१७च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर धावली, हेही सांगून झालंय. डिसेंबर २०२३पासून दादरला मध्य रेल्वेचा एक नंबर प्लॅटफॉर्म आठ नंबर झाला, हे मलाच अजून पचलेलं नाही, पोराला काय कळणार! पण तो मान डोलावतो. बाबाचे केस घट्ट धरून.

मला खरी गंमत वाटते ती नवऱ्याची. आठवडाभर ह्याच गाड्यांत लोंबकळणारा, गर्दीला शिव्या घालत घरात शिरणारा माणूस रविवारी मोटरमनला हात करतो! परवा एकाने चक्क हॉर्न दिला. पोरगं दचकून रडलं, बाबा खूश.

हल्ली झोपवायचं खातंही बाबाकडेच. अंगाईबिंगाई नाही, चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड... माहीम येईपर्यंत बाबा घोरायला लागतो. मग वांद्र्यापासून पुढची स्टेशनं मला घ्यावी लागतात.